प्रतिमा आणि पत



वार्षिक समारंभातील भाषणे बहुधा मंडप उतरवण्याच्या आधीच विसरली जातात, आणि त्यात वक्त्याचे व श्रोत्यांचे दोघांचेही हित असते. परंतु संस्थेच्या चालकांनी हे भाषण स्मरणिकेसाठी लिहून मागितले. त्यामुळे आता माझ्यासमोर श्रोते नसून वाचक आहेत. वाचकहो, श्रोत्यापेक्षा आपला अधिकार मोठा आहे. आपण मध्येच थांबू शकता, मागचे पान उलटू शकता आणि वक्त्याने सांगितलेले खरे की खोटे हे ताडून पाहू शकता. म्हणून बोलताना जे सैल राहिले होते ते येथे जरा आवळून लिहिले आहे.

विषय आहे माणसाच्या जाहीर प्रतिमेचा. आपली मुले आज ज्याला 'पर्सनल ब्रँडिंग' म्हणतात तोच हा विषय. ऑगस्ट १९९७ मध्ये टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकाने 'फास्ट कंपनी' नावाच्या मासिकात एक लेख लिहिला आणि साबण किंवा बूट यांचा जसा ब्रँड असतो तसा प्रत्येक माणसाने स्वतःचा ब्रँड करावा, असे सुचवले. तेव्हापासून हा शब्द जगभर फिरला. आता महाविद्यालयांतून त्यावर व्याख्याने होतात, शिबिरे होतात आणि दहावीतला मुलगासुद्धा मोबाईलवरचा आपला फोटो कसा असावा याचा विचार गणिताच्या पेपरापेक्षा अधिक वेळ करतो.

'ब्रँड' या शब्दाचे मूळ मात्र मोठे बोलके आहे. तापलेल्या लोखंडाने गुराच्या अंगावर मालकाची खूण उमटवायची, तो ब्रँड. म्हणजे आपल्या भाषेत डाग. गुरे दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखता यावीत यासाठी तो डाग असे. येथेच आपल्या विषयातला पहिला प्रश्न उभा राहतो. डाग तर प्रत्येकावर असतोच. तो कोणी दिला? आपण आपल्या हाताने आपली खूण ठरवली, की दुसऱ्याने ती आपल्यावर उमटवली?

आपल्याकडे हा प्रश्न अगदीच नवा नाही. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' असे आपले वाडवडील म्हणत आले. म्हणजे माणसाचे तेज एक हिस्सा आणि कपड्याचे दहा हिस्से. त्याच वाडवडिलांनी 'मियाँ मूठभर, दाढी हातभर' अशीही म्हण करून ठेवली आहे. ती आपल्या नावाने केली असली तरी रागावण्याचे कारण नाही, कारण ती खरी आहे आणि सर्व जातिधर्मांच्या मियाँना लागू पडते. पहिली म्हण सांगते की दिसण्याला महत्त्व आहे. दुसरी सांगते की दिसणे असण्यापेक्षा फार वाढले तर लोक हसतात. या दोन म्हणींच्या मध्ये जी वाट आहे ती आज आपल्याला शोधायची आहे.

प्रथम पोशाखाचे उदाहरण घेऊ, कारण प्रतिमेचा तो सर्वांत जुना आणि सर्वांना समजणारा भाग आहे.

१८८८ साली मोहनदास गांधी नावाचा एक तरुण बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेला. तेथे आपण गावंढळ दिसू नये म्हणून त्याने काय काय केले हे त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवून घेतला, उंच टोपी विकत घेतली, नाचाचे धडे घेतले, व्हायोलिन घेतले, वक्तृत्वाचा शिक्षक धरला. सुमारे तीन महिन्यांत तो भर ओसरला आणि आपण येथे शिकायला आलो आहोत याची त्याला जाणीव झाली. हाच माणूस पुढे २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत केवळ पंचा नेसून लोकांसमोर आला. परदेशी कापड सोडा असे लोकांना सांगायचे, आणि पुरेशी खादी घेण्याइतके पैसे तर गरिबाजवळ नाहीत. मग जेवढ्या कापडात गरीब भागवतो तेवढ्यातच आपणही भागवावे, असा तो विचार होता. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी बकिंगहॅम राजवाड्यात बादशहाच्या भेटीलाही ते त्याच वेशात गेले.

आता दुसरे उदाहरण पाहा. डिसेंबर १९२७ मध्ये आपल्या कोकणातल्या महाड येथे सत्याग्रह परिषद भरली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून एक भाषण केले. त्यांनी सांगितले की, लुगडे इतर वरिष्ठ म्हणवणाऱ्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, जात ओळखू यावी म्हणून अंगावर लादले गेलेले दागिने टाकून द्या, आणि स्वच्छ राहा. ते स्वतः नीटनेटका सूट आणि टाय वापरीत. आज गावोगावच्या पुतळ्यांत ते त्याच पोशाखात, हाती पुस्तक घेऊन उभे आहेत.

वाचकहो, एकाने सूट उतरवला आणि दुसऱ्याने चढवला. मग या दोघांत बरोबर कोण? माझ्या मते दोघेही. ज्याच्या घरी कपड्यांची उणीव नव्हती त्याने कपडा कमी करून गरिबाशी नाते जोडले. ज्याच्या समाजाला चांगला कपडा घालण्याचीच मनाई होती त्याने चांगला कपडा घालून ती मनाई मोडली. पोशाखाचा अर्थ कापडात नसतो. तो घालणारा कोठून निघाला आणि कोणीकडे चालला आहे, त्यावरून तो ठरतो. आणखी एक गोष्ट दोघांत समान आहे. त्या पोशाखाची जी किंमत मोजावी लागली ती त्या दोघांनीही मोजली. पंचाच्या मागे तुरुंगवास होता आणि सुटाच्या मागे रात्र रात्र जागून केलेला अभ्यास होता. म्हणूनच लोकांनी तो वेश मानला. त्यांची नक्कल करणारे शेकडो झाले आणि विसरले गेले.

येथे मला आपल्या एका जुन्या शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. बाजारपेठेत वावरणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. तो शब्द म्हणजे 'पत'. एखाद्या दुकानदाराची पाटी रंगीत असते, काच चकचकीत असते, ही झाली त्याची प्रतिमा. पण घाऊक व्यापारी त्याला चिठ्ठीवर माल देतो की नाही, ती त्याची पत. पाटी एका दिवसात रंगवता येते. पत मात्र वायदा पाळून पाळून बांधावी लागते आणि एका बुडीत हुंडीने ती जाते. प्रतिमा म्हणजे आपण लोकांकडून आगाऊ उचललेला विश्वास आहे असे समजा. तो उचलायला हरकत नाही. किंबहुना उचलल्याशिवाय धंदाच सुरू होत नाही. पण जेवढा फेडता येईल तेवढाच उचलावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर आपल्यापैकी काही पालक मनातल्या मनात म्हणतील, 'हे सर्व ठीक आहे, पण आमच्या मुलाचा अर्ज नावावरूनच बाजूला पडतो त्याचे काय? त्याची पत दिसणार तरी कधी?' हा प्रश्न टाळून पुढे जाणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण ही केवळ मनातली शंका नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या दोन अभ्यासकांनी वृत्तपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी ठेवली, बदलले ते फक्त नाव. त्यांचे निष्कर्ष २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या मानाने दलित नावांना बोलावणी कमी आली आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. अमेरिकेतही शिकागो व बोस्टन या शहरांत असाच प्रयोग झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकिशा, जमाल अशा काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. म्हणजे डाग देणारा हात दुसऱ्याचा असतो, आणि तो अर्जदार दारात पोचण्यापूर्वीच आपले काम करून मोकळा होतो.

मग नावच बदलावे काय? या मार्गाने गेलेली मोठी माणसे आपल्याच मुंबईत होऊन गेली. पेशावरला १९२२ साली जन्मलेले यूसुफ खान हे फळांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यांनी तरुणपणी पुण्यात लष्करी कँटीनमध्ये कामही केले होते. बॉम्बे टॉकीजच्या देविका राणींनी त्यांना पडद्यासाठी दुसरे नाव घेण्यास सुचवले आणि १९४४ च्या 'ज्वार भाटा' या चित्रपटापासून ते दिलीपकुमार झाले. महजबीन बानो मीनाकुमारी झाली, मुमताज जहाँ मधुबाला झाली. त्या काळच्या चित्रसृष्टीत ही रीतच होती, आणि ती केवळ मुसलमानांपुरती नव्हती. दिलीपकुमारांच्या बाबतीत तर वडिलांना सिनेमा पसंत नव्हता, म्हणून पडद्यावर वेगळे नाव असणे त्यांना सोयीचेही वाटले. अशा माणसांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या काळात, ज्या धंद्यात त्यांना उभे राहायचे होते तेथे त्यांनी एक दार उघडून घेतले. आणि हेही ध्यानात ठेवावे की दिलीपकुमारांनी आपले यूसुफ असणे लपवून ठेवले नाही. सर्व देशाला ते माहीत होते, घरी आणि मित्रांत ते यूसुफच राहिले, आणि १९८० साली ते मुंबईचे शेरीफ झाले तेव्हाही माणूस कोण आहे हे मुंबईला ठाऊक होते.

याच्या जोडीला आपल्या मराठी मातीतले एक नाव ठेवून पाहा. बार्शीला १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख या नावाने महाराष्ट्राला माहीत झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजावर हजारोंच्या सभा उभ्या राहिल्या. त्यांनीही नवे नाव घेतले, पण त्यात 'शेख' तसाच राहिला. मराठी जनतेने तो शेख डोक्यावर घेतला, कारण डफ हाती घेऊन तो तिचेच दुःख तिच्याच भाषेत गात होता.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, नाव बदलावे की नाही याचा हुकूम मी तुम्हांला देणार नाही. माझे मत विचाराल तर नाव ठेवावे आणि त्याला वजन आणावे, कारण ज्या कचेरीत पहिला यूसुफ आपल्या नावानिशी चांगले काम करून दाखवतो तेथे दुसऱ्या यूसुफचा अर्ज वाचला जाण्याची आशा वाढते. नाव लपवून आत गेलेला मात्र मागच्यासाठी दार उघडू शकत नाही. पण हे ओझे एकट्या मुलाच्या खांद्यावर टाकणेही न्यायाचे नाही. अर्ज वाचणाऱ्याने आपला चष्मा पुसला पाहिजे, आणि ते त्याला सांगणे हे संस्थांचे, वृत्तपत्रांचे आणि कायद्याचे काम आहे.

मोठी गोष्ट बोलून झाली, आता एक लहान गोष्ट सांगतो. लहान म्हणून ती सोडू नका. नाव ठेवायचे ठरवले तर निदान ते एक तरी असू द्या! आपल्या घरांतले कागद काढून पाहिले तर एकच मुलगा शाळेच्या रजिस्टरात 'शेख महंमद', रेशनकार्डावर 'मोहम्मद शेख', आधारकार्डावर 'मुहम्मद' आणि बँकेच्या पासबुकात नुसता 'एमडी शेख' असतो. हा एमडी डॉक्टर कधी झाला, असे बँकेच्या खिडकीवर कोणी विचारले तर काय उत्तर देणार? मुलींच्या बाबतीत तर लग्नानंतर चौथे आणि पाचवे नाव जमा होते. पुढे शिष्यवृत्ती अडते, पासपोर्ट अडतो, परदेशातली नोकरी अडते आणि प्रतिज्ञापत्रे करीत हिंडावे लागते. शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणण्याची सोय आहे, पण ती वेळ येऊच नये हे बरे. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म जाण्यापूर्वी शाळेतली नोंद, स्पेलिंगसकट, बघून घ्यावी. जगापुढे जाणारी तुमची पहिली प्रतिमा म्हणजे हा दाखला आहे. मोबाईलवरचा फोटो त्याच्या फार नंतर येतो.

आता प्रतिमेचा तिसरा भाग, म्हणजे काम. यासाठी मी मौलाना अबुल कलाम आझादांचे उदाहरण घेणार आहे. ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री होते आणि ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो, तेव्हा शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर त्यांचे नाव येणे साहजिकच आहे. परंतु आज मी त्यांच्याकडे मंत्री म्हणून पाहणार नाही, तर स्वतःची ओळख स्वतः घडवणारा माणूस म्हणून पाहणार आहे.

'आझाद' हे त्यांनी स्वतः घेतलेले नाव. केवळ वारशाने आलेली मते आपण तपासल्याशिवाय मानणार नाही, असा त्यातला अर्थ होता. १९०३ साली, वय अवघे पंधरा असताना, त्यांनी कलकत्त्याहून 'लिसान-उस-सिद्क' म्हणजे 'सत्याची वाणी' या नावाचे मासिक काढले. ते कोणत्याही शाळेत किंवा महाविद्यालयात गेलेले नव्हते. शिक्षण सारे घरीच झाले. पण त्यांचे लिखाण वाचून दूरदूरच्या विद्वानांना वाटे की हा कोणी पोक्त, पिकल्या दाढीचा मौलवी असावा. मुंबईत मौलाना शिबली नोमानींशी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा समोरचा कोवळा पोरगा अबुल कलामांचा मुलगा असावा असा शिबलींचा समज झाला, असा किस्सा सांगितला जातो.

मुलांनो, या किश्श्यावर जरा थांबा. आज आपण चेहरा आधी पाठवतो आणि काम मागाहून येईल म्हणतो. येथे काम आधी पोचले होते आणि चेहरा मागाहून आला. त्यामुळे चेहरा पाहिल्यावर निराशा झाली नाही, उलट आश्चर्य वाटले. ज्याची पत त्याच्या प्रतिमेपेक्षा मोठी असते त्याला प्रत्येक नव्या भेटीत फायदाच होतो. ज्याचे उलट असते त्याला प्रत्येक नव्या भेटीची धास्ती वाटते.

तथापि प्रतिमा ही खऱ्या मोठ्या माणसालाही जड होते. याची साक्षही आझादांच्याच लेखणीतून मिळते आणि ती आपल्या महाराष्ट्रातच लिहिली गेली आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या ठरावानंतर काँग्रेसचे अध्यक्ष आझाद, तसेच पंडित नेहरू, सरदार पटेल इत्यादी नेते अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात बंदिवान होते. तेथे असताना मौलानांनी आपल्या एका मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती तेव्हा टपालात पडू शकली नाहीत. पुढे १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपाने निघाली.

१९४३ च्या आरंभी कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम फार आजारी झाल्या. सरकारला काही सांगायचे असेल तर लगेच पोचवू, असे किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याने त्यांना सुचवले. सरकारजवळ आपल्याला काहीही मागायचे नाही, असे उत्तर मौलानांनी दिले. दिनक्रमात तसूभर फरक पडू दिला नाही. तोच पहाटेचा चहा, तेच लिखाण, जेवणाच्या मेजावर तेच बोलणे. दररोज दुपारी वर्तमानपत्र येई. आणणाऱ्या माणसाची पावले वाजली की काळीज धडधडू लागे, आज त्यात काय छापले असेल कोण जाणे. पण तो आत आला की मौलाना हसतमुखाने, पत्र मेजावर ठेवा, अशी खूण करीत आणि जणू कसलीच घाई नाही असे पुन्हा लिहू लागत. एप्रिलमध्ये झुलेखा बेगम वारल्या. पतिपत्नींची शेवटची भेट झाली नाही.

आणि मग त्या पत्रात मौलाना स्वतःच कबूल करतात की हा सारा वरवरचा शांतपणा म्हणजे एक सोंग होते, मनातला गर्व ते वठवत होता, बाहेरच्या अस्वस्थतेचा डाग आपल्या धीरगंभीरपणावर पडू नये एवढ्यासाठी. आत मात्र शरीर खचत चालले होते.

देशाने ज्याला धैर्याचा पुतळा मानले त्याने तो पुतळा आतून कसा होता हे लिहून ठेवले, यात मला त्यांचे खरे मोठेपण दिसते. कैदेत शत्रूपुढे मान ताठ ठेवणे आवश्यक होते, म्हणून त्यांनी ती ठेवली. पण तो ताठपणा म्हणजेच आपण, असे त्यांनी स्वतःला कधी पटवले नाही. ज्याच्याजवळ खरे बोलता येईल असा एक मित्र त्यांनी राखला होता, मग त्याच्यापर्यंत पत्र पोचो वा न पोचो.

वाचकहो, आपल्या मुलांना नेमके हेच आज कोणी शिकवीत नाही. शिकवतात ते मान ताठ ठेवायला. प्रतिमेचे हे काम पूर्वी राजे, पुढारी आणि नटनट्या यांच्यापुरते होते. १९५९ साली अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचे एक प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यात त्याने दाखवले की साधा माणूससुद्धा रोजच्या व्यवहारात रंगमंचावर असल्यासारखा वागतो, पण त्यालाही एक मागचा कक्ष असतो, जेथे तो टोपी काढून पाय पसरून बसतो. आजच्या मुलाचा तो मागचा कक्षच मोबाईलने घेतला आहे. जेवण आले की आधी फोटो, निकाल लागला की आधी स्टेटस, आणि निकाल चांगला नसेल तर दार लावून बसणे. इतरांच्या रंगवलेल्या पाट्या पाहून आपले दुकान फिके वाटते, आणि त्या पाट्यांच्या मागे काय आहे ते कोणी दाखवीत नाही. कोवळ्या वयात हे ओझे फार होते. घरात दिवसातून अर्धा तास तरी असा असावा की मुलाला वा मुलीला काहीच होऊन दाखवावे लागू नये. मातापित्यांनो, हा मागचा कक्ष त्यांना द्या. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न घराच्या आत आणू नका, बाहेर तो त्यांना पुष्कळ भेटतो.

मुलींबद्दल दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. आपल्या समाजात मुलीची प्रतिमा सारे घर मिळून घडवते, तिला स्वतःला मात्र विचारत नाही. तिचे नाव गुणपत्रिकेत पहिले आले तरी अभिनंदनाच्या फलकावर तिचा फोटो नको, असे सांगणारी घरे आहेत. फोटोबद्दल तिचा स्वतःचा निर्णय असेल तर त्याचा आदर व्हावा. पण तिचे नाव, तिचे गुण आणि तिचे काम झाकून ठेवण्याचे काहीच कारण नाही. पाठच्या मुलींना वाट दिसते ती त्या नावामुळेच.

आता समारोपाकडे वळतो. विद्यार्थ्यांनी काय करावे हे चार वाक्यांत सांगता येईल. नीट बोलायला, नीट लिहायला आणि नीटनेटके राहायला शिका. त्यात खोटे काही नाही, आणि घरी जी बोली बोलता तिची लाज बाळगू नका. अर्जात जेवढे येते तेवढेच लिहा, कारण मुलाखत घेणारा नेमके न येणाऱ्याबद्दलच विचारतो. मोबाईलवर लिहिताना एवढे पाहा की हे वाक्य पाच वर्षांनी साहेबाच्या हाती पडले तर चालेल काय. आणि दिलेला वेळ, घेतलेले पैसे व सांगितलेला शब्द या तिन्ही गोष्टी पाळा, कारण पत बांधण्याची याहून वेगळी तालीम कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

पालकांना आणि संस्थेच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. संस्थेची प्रतिमा ही या स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदावर छापली जाते, पण संस्थेची पत येथून बाहेर पडलेली मुले गावोगाव घेऊन हिंडत असतात. कोणी दवाखान्यात रात्रपाळी करते, कोणी वीजमंडळाच्या खांबावर चढते, कोणी दुसऱ्या शाळेत शिकवते. त्यांच्या कामाची नोंद ठेवा आणि पुढच्या स्मरणिकेत पाहुण्यांच्या फोटोंची चार पाने कमी करून ती पाने त्यांना द्या. तोपर्यंत, ही पाने मिटल्यावर कपाटातला आपल्या पाल्याचा दाखला तेवढा काढून पाहा. त्यावरचे नाव बरोबर आहे ना?